ड्रमकिल व्ह्यूतली सर्वसाधारण सभा

१६ सप्टेंबर २०१०, गुरुवार

काल लेकीकडे, मुक्ताकडे येऊन पोचलो. डब्लिनहून कासलबारपर्यंत गाडीने साडेतीन तास. त्यातले तीन तास मी बोलत होतो आणि मुक्ता गाडी चालवत होती. जावई पियूषराव विमानतळावर आले नाहीत. त्यांचं ऑफिस स्वोर्ड्सला, म्हणजे विमानतळाच्या अगदी कुशीत, पण आयटीतल्या माणसाला शेजारी जायलाही सवड नसते. ते आठवडाभर तिकडे राहतात आणि शुक्रवारी इकडे येतात. मुक्ता 'येत होता' असं म्हणाली. एवढ्या वर्षांत मराठीचा सराव सुटला असावा.

घर छान आहे. हॉस्पिटल दहा मिनिटांवर, त्यामुळे मुक्ताची ड्यूटी सोयीची. अडचण एवढीच की कॉलनीत माणसं नाहीत. 'ड्रमकिल व्ह्यू' नावाची अठ्ठावीस घरं बांधता बांधता बिल्डर अंतर्धान पावला. तीन घरांत लोक राहतात. बाकी कुठे दार नाही, कुठे छप्पर नाही. रस्त्यावर दिव्यांचे खांब आहेत आणि खांबांवर कावळे आहेत. शेजारच्या पॅकी नावाच्या शेतकऱ्याच्या गायी तुटक्या कुंपणातून आत येऊन चोवीस नंबरच्या गॅरेजात उभ्या राहतात.

मी चाळीस वर्षं पुण्यात जर्मन शिकवलं आणि बावीस वर्षं कोथरूडच्या आमच्या सोसायटीचा ऑनररी सेक्रेटरी होतो. मला हे बघवत नाही.

१९ सप्टेंबर, रविवार

पियूषराव आले नाहीत. काहीतरी रिलीज आहे म्हणे.

मुक्तापुढे सोसायटी स्थापन करायचा विचार मांडला. ती 'हं' म्हणाली. पुढच्या रविवारी पहिली सभा घेतो म्हटल्यावर मात्र एकदम वर बघून म्हणाली, "बाबा, मंगळवारी घ्या ना. संध्याकाळी सहा ते सात. दर मंगळवारी." माझ्या कामात एवढा नेमका रस तिने जन्मात घेतला नव्हता. बरं वाटलं.

२८ सप्टेंबर, मंगळवार

पहिली सभा झाली. अठ्ठावीसही घरांत नोटीस टाकली होती. ज्यांना दारंच नाहीत तिथे उंबऱ्यावर वीट ठेवून. सभेची जागा चोवीस नंबर, कारण ते नमुन्याचं घर आहे. आत सोफा आहे, गालिचा आहे, टेबलावर परडीत प्लास्टिकची फळं आहेत. भिंतीपलीकडे गायी.

हजर : अकरा नंबरच्या नोराबाई (शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त), एकोणीस नंबरचा हेंक (मूळचा हॉलंडचा, इथे चीज करून विकतो) आणि मी. कोरमला एकोणीस जण हवेत. म्हणून नियमाप्रमाणे सभा अर्ध्या तासासाठी तहकूब केली. त्यानंतर त्याच जागी भरणाऱ्या सभेला कोरम लागत नाही, हे पुण्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

"मग आता आपण काय करायचं?" नोराबाईंनी विचारलं.

"वाट बघायची."

"कुणाची?"

"कुणाची नाही. अर्ध्या तासाची."

"ग्रँड," म्हणाल्या (इथे 'ठीक आहे'ला ग्रँड म्हणतात) आणि विणकाम काढलं.

हेंक हसत सुटला. म्हणाला, ही तर खरोखरची 'गेडिंग' आहे. डच भाषेत गेडिंग म्हणजे कोर्टातला खटला. माझे कान टवकारले. जर्मनमध्ये 'डिंग' म्हणजे वस्तू. इंग्रजीत तिलाच 'थिंग' म्हणतात. वस्तूचा आणि खटल्याचा काय संबंध?

२९ सप्टेंबर, बुधवार

सकाळपासून इंटरनेटवर होतो. वेड लागायची पाळी आली आहे. आइसलंडच्या संसदेला 'आल्थिंग' म्हणतात. नॉर्वेची आणि डेन्मार्कची संसद, दोन्हींच्या शेपटाला हाच 'टिंग'. स्वीडनमध्ये खालच्या कोर्टाच्या नावात तोच. खुद्द डब्लिनात व्हायकिंग लोकांची एक टेकडी होती, तिच्यावर त्यांची 'थिंग' भरायची. म्हणजे मुळात हा शब्द सभेचा! आधी सभा. मग सभेपुढे आलेला विषय. मग कुठलाही विषय. आणि शेवटी चमच्यापासून ट्रॅक्टरपर्यंत काहीही. उत्तरेकडच्यांनी सभा जपली. इंग्रजांच्या आणि जर्मनांच्या शब्दातली सभा केव्हाच उठून गेली, नुसतं सामान उरलं. आणि मी चाळीस वर्षं पोरांना शिकवत होतो, डिंग म्हणजे वस्तू, लिहून घ्या.

जेवताना मुक्ताला हे सगळं सांगितलं. तिने फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे आधी लोक जमले आणि विषय नंतर आला?"

"अगदी तसंच!" मी म्हटलं.

५ ऑक्टोबर, मंगळवार

विषय संपले. दिव्यांबद्दल कौन्सिलला पत्र गेलं, त्यांचं सभ्य उत्तर आलं. पॅकीने कुंपणाला दोरी बांधली, गायींनी ती खाल्ली. बाकी काही उरलं नाही. अर्धा तास तहकुबी न करताच सभा उरकली आणि सव्वासहाला घरी आलो.

मुक्ता ओट्यापाशी उभी होती, फोन पालथा ठेवून. समोर भांडं नाही, भाजी नाही. काय करतेस विचारलं तर म्हणाली, स्वयंपाक.

मी म्हटलं, पुढच्या मंगळवारपासून सभा बंद करतो. तिचा चेहराच उतरला. "बाबा, असं करू नका. आधी लोक आणि मग विषय, असं तुम्हीच म्हणालात ना? येतील विषय."

पोरीने माझं बोलणं लक्षात ठेवलं होतं! माझी बायको शोभना आज असती तर तिला सांगितलं असतं. तिचं कायम म्हणणं, तुमचं बोलणं म्हणजे नळ गळल्यासारखं, ऐकू येतं पण कोणी ऐकत नाही.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

आला विषय! आणि कसला! सभेला अकरा जण. पॅकी आणि शेजारच्या गावचा मार्टिन यांच्यात एका मेंढीवरून वाद आहे. दोघंही म्हणतात माझी. मेंढी सोबत आणली होती. इथे मेंढ्यांच्या पाठीवर मालकाच्या रंगाचा ठिपका लावतात. हिच्या पाठीवर निळा. पॅकी म्हणतो निळा माझा, मार्टिन म्हणतो निळा माझ्या आजोबांपासूनचा.

एकाच वेळी सगळे बोलू लागले, म्हणून मी नियम केला. परडीतला प्लास्टिकचा अननस ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. त्याला कोणी मध्ये तोडायचं नाही, त्याचं संपेपर्यंत बाकीच्यांनी ऐकायचं. नियम सर्वानुमते मंजूर. पॅकी अननस धरून चाळीस मिनिटं बोलला. त्यात मेंढीचा उल्लेख दोनदा आला. मी शब्दही काढला नाही. अध्यक्षाने ऐकायचं असतं.

निकाल राखून ठेवला.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

तेवीस जण! हेंकने चीज आणलं, नोराबाईंनी मनुकांचा केक.

मेंढीच्या पाठीवर आज लाल ठिपका होता. मी हे पॅकीच्या लक्षात आणून दिलं. तो म्हणाला, इथल्या पावसात रंग उलटतो. मी नोंद घेतली. मार्टिनने तीन साक्षीदार आणले. त्यांच्यापैकी एकाने मेंढीऐवजी आपल्या वहिनीबद्दल साक्ष दिली, पण अननस त्याच्या हातात असल्यामुळे थांबवता आलं नाही.

शिवाय आजचा शोध : जर्मन मंगळवार 'डीन्स्टाग' आणि डच 'डिन्स्डाख', दोन्हींत थिंगच्या देवाचं नाव आहे. मंगळवार हा सभेचाच वार! मुक्ताने सहज सुचवला आणि बरोबर लागला. काय योगायोग.

२३ ऑक्टोबर, शनिवार

सुपरमार्केटात एक अनोळखी बाई मला म्हणाल्या, "मंगळवारी थिंगला येतेय हां मी." मला भरून आलं. हजार वर्षांपूर्वी त्या शब्दातून सभा उठून गेली होती. ती इथे मेयो काउंटीत परत भरली, आणि अध्यक्ष कोण? तर प्रल्हाद केळशीकर, कोथरूड.

पियूषराव याही आठवड्यात नाहीत. इथे कपाटाला 'प्रेस' म्हणतात. वरच्या खोलीतल्या प्रेसमध्ये चादरी ठेवायला गेलो तर अर्धी बाजू रिकामी. सगळे कपडे एकदम धुवायला दिले असणार. पुरुषमाणसाला दुसरं काय सुचणार.

नोराबाई रोज विचारतात, "मुक्ता कशी आहे?" मी म्हणतो, ग्रँड. त्या माझ्याकडे बघत राहतात.

२ नोव्हेंबर, मंगळवार

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहावा असा. मेंढीवर उलटतपासणी चालू असताना भिंतीपलीकडे गायी हंबरल्या आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. संस्कृतात गायी जिथे राहतात ते 'गोष्ठ'. त्याचा आपला गोठा झाला. गोठ्यापाशी माणसं जमायची, बोलायची, ती 'गोष्ठी'. आणि गोष्ठीची झाली गोष्ट. अशी गोष्ट आहे म्हणजे असा विषय आहे! ही चांगली गोष्ट नाही म्हणजे ही चांगली बाब नाही! तिकडे सभेपासून विषय, इकडेही सभेपासून विषय. इतक्या लांबच्या दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाट चालावी!

मी उठून उभा राहिलो आणि हे सगळं सभेला सांगितलं. अननस माझ्या हातात नव्हता, पण कोणी हरकत घेतली नाही. पॅकी म्हणाला, म्हणजे माझ्या गायीच खऱ्या सभासद.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. पियूषराव आले नाहीत. मी मुक्ताला म्हटलं, तू जरा जास्त फोन करत जा, नवरा लांब असला की बायकोने सांभाळून घ्यायचं असतं. तिने चिवड्याचा डबा उघडला.

चिवडा खाताना तिला गोष्ठ आणि गोष्टीचं सविस्तर सांगितलं. मध्येच म्हणाली, "बाबा, मला तुम्हाला काही सांगायचंय." मी म्हटलं, एक मिनिट, इंग्रजीत निवडणुकीच्या प्रचारसभांना म्हणतात त्या 'हस्टिंग्ज'मध्येही थिंगच आहे, हाउस-थिंग, घरातली सभा, तेवढं पुरं करतो. ते झाल्यावर विचारलं, काय सांगत होतीस? म्हणाली, विसरले. लहानपणी तिची स्मरणशक्ती फार चांगली होती.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

सभेला एकतीस जण. पुरावा म्हणून आणलेला प्राणी आज बकरी होता. मी हरकत नोंदवली. मार्टिन आणि पॅकीने आपसात कुजबुज केली आणि पॅकीने सांगितलं की मेंढीला सर्दी झाली आहे, ही तिच्या वतीने आली आहे. निकाल पुन्हा राखून ठेवला. या लोकांना कामकाजाची शिस्त नाही, पण उत्साह दांडगा.

३० नोव्हेंबर, मंगळवार

तीन दिवस बर्फ. इतकं की नोराबाईंचं फाटक दिसत नाही. तरी मी मुक्ताचे गमबूट घालून चोवीस नंबरला गेलो. कोणी नाही. गायीसुद्धा नाहीत. अर्धा तास थांबायचं म्हणून बसलो, पण दहा मिनिटांत बोटं बधिर झाली. परत आलो.

दार उघडता उघडताच मी बोलायला लागलो होतो. मुक्ता स्वयंपाकघरात टेबलापाशी बसली होती, मध्ये फोन, स्पीकरवर. एक बाई इंग्रजीत म्हणत होती, "पियूष, मुक्ताचं झालंय का बोलून? मग आता तू." मुक्ताने माझ्याकडे न बघता हात वर केला. मी थांबलो.

फोनमधून पियूषरावांचा आवाज आला, "कोण आलंय? बाबा का? नमस्कार बाबा."

मी म्हटलं, "नमस्कार. बर्फ आहे का तिकडे?"

"आहे ना. सहा इंच."

 मी गमबुटासकट वर जाऊन बसलो.

१ डिसेंबर, बुधवार

आज मुक्ताने सांगितलं. दोघांचं वेगळं व्हायचं जुलैमध्येच ठरलं आहे. भांडण नाही, तिसरं माणूस नाही. दोन वर्षं नुसते एकमेकांना कंटाळत होते, म्हणाली. डब्लिनच्या एक बाई मध्यस्थी करतात, त्यांना दर मंगळवारी सहा ते सात हीच वेळ मोकळी. घर भलतंच शांत, भिंती पुठ्ठ्याच्या, आणि घरात मी. "मला एक तास हवा होता, बाबा. तुम्ही घरात नसाल असा एक तास. म्हणून मंगळवार सुचवला."

"आणि मेंढी?"

तिने मान खाली घातली. विषय संपले म्हणालात तेव्हा मी घाबरले, म्हणाली, आणि नोराला सांगितलं. नोराने पॅकीला सांगितलं. पॅकीने सगळ्या पंचक्रोशीला सांगितलं.

"मेंढी कुणाची आहे?"

"पॅकीचीच. मार्टिनकडे मेंढ्या नाहीत. तो इलेक्ट्रिशियन आहे."

२ डिसेंबर, गुरुवार

काही लिहायचं नाही.

३ डिसेंबर, शुक्रवार

मला राग आला आहे. एकतीस माणसं सात आठवडे पावसात येऊन बसत होती आणि सगळ्यांना माझ्या मुलीच्या घरात काय चाललं आहे ते ठाऊक होतं. इलेक्ट्रिशियनला ठाऊक होतं. मला नव्हतं. सकाळभर रागावलो. दुपारी लक्षात आलं की राग थोडाच आहे, जास्त आहे ती लाज. मुलीला बापापासून एक तास मिळवायला सगळं गाव कामाला लावावं लागलं.

हेंककडे गेलो. तो चीज उलटत होता. त्याच्याकडे डच शब्दांचा जाडजूड व्युत्पत्तिकोश आहे. करायला काही नव्हतं म्हणून 'डिंग' काढला आणि त्याला वाचून दाखवायला सांगितलं. सभा, खटला, विषय, वस्तू, सगळं होतं. पण त्याच्याही आधीची एक पायरी होती, ती मी इतके दिवस पाहिलीच नव्हती. सभेच्याही आधी त्या शब्दाचा अर्थ बहुधा 'ठरलेली वेळ' असा होता. वेळ ठरली, म्हणून माणसं जमली, मग विषय आला.

हेंकने एका बोटाने ओळ धरून ठेवली होती. मी म्हटलं, "बरोबर आहे. आमच्याकडे याच क्रमाने झालं." तो हसला नाही. त्याने मला चीजचा तुकडा कापून दिला.

४ डिसेंबर, शनिवार

नोराबाईंना विचारलं, मला आधी का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "सांगणार होते हो. रोज. पण तुम्ही श्वासच घेत नाही."

पुढच्या मंगळवारची सभा रद्द केल्याच्या नोटिसा अठ्ठावीस घरांत टाकल्या. पुढच्या शनिवारी माझं विमान आहे. पॅकी वाटेत भेटला. टोपी काढून म्हणाला, मेंढीचा निकाल तेवढा द्या, मार्टिन मनाला लावून घेतो हल्ली, त्याला खरंच ती आपली वाटायला लागली आहे. मी निकाल दिला : मेंढी मार्टिनची. पॅकीने टोपी परत घातली आणि म्हणाला, "न्याय झाला."

७ डिसेंबर, मंगळवार

शेवटचा फोन होता. पाच वाजताच मी कोट घालून बाहेर जायला निघालो, हेंककडे बसेन म्हटलं. मुक्ता म्हणाली, "नको, थांबा. पण बोलू नका."

सहा वाजता फोन लागला. मी तिच्या शेजारी खुर्चीत बसलो, हात मांडीवर ठेवून. काय कुणाकडे राहणार, तिच्या आणि त्याच्या घरच्यांना कोणी आणि कसं सांगायचं, असं सगळं ठरत होतं. त्या बाई विचारत होत्या, हे दोघं उत्तर देत होते. इतक्या समजुतीने बोलत होते की चार वेळा माझ्या ओठापर्यंत आलं, अरे मग वेगळे कशाला होताय? चारही वेळा गिळलं. एकदा मुक्ताचा आवाज फुटला. मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तिचं तिनेच सावरलं. मला वाटलं होतं की तिला माझी मदत लागेल. लागली नाही.

शेवटी पियूषने विचारलं, "जेवतेस ना नीट?" ती म्हणाली, "हो. बाबा आहेत." मग फोन बंद झाला. एकोणसाठ मिनिटं झाली होती. शोभनाशी लग्न झाल्यापासून मी एवढा वेळ जागेपणी गप्प बसलेलो नाही.

मुक्ताने फोन बाजूला सारला, डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आता बोललात तरी चालेल, बाबा."

मी शोधलं. जर्मनमध्ये शोधलं, मराठीत शोधलं. एकही वाक्य सापडलं नाही. म्हटलं, "तूच बोल."

ती बोलली. दोन वर्षांतलं सगळं, अगदी सुरुवातीपासून. मध्ये एकदा उठून तिने खिचडी लावली, आणि ती लावता लावताही बोलत होती.

ती काय बोलली ते इथे लिहिणार नाही. ते तिने मला सांगितलं आहे, वहीला नाही.